पाठ

कृष्णात वस्ताद म्हणायचे, पाठ लागली की संपलं.
ताक, तेल, हळद मुरलेल्या त्या तांबड्या मातीत
मी अकरा वर्षं पाठ जपली,
आई गंगावेशीच्या गर्दीत दुधाची किटली जपते तशी.

पोरींना तालमीत वेळ पहाटे साडेचार ते सहा.
पोरं यायच्या आत माती परत सारखी करायची,
आपण आलोच नव्हतो अशी.
वडील शिरोलीच्या फौंड्रीतनं रात्रपाळी उरकून परस्पर यायचे.
भुवयांत काळी वाळू, डब्यात दोन उकडलेली अंडी.
भिंतीला टेकून झोपायचे,
आणि माझा डाव बसला की डोळे न उघडता म्हणायचे,
हां.

मग पुणं. जाळीचा पिंजरा, आठ बाजूंचा.
पहिल्याच दिवशी कोच म्हणाला, पड.
मी म्हटलं, मी कशाला पडतो?
सगळे हसले. त्या "पडतो"ला.
आमच्याकडं बाया असंच बोलतात, म्हटलं,
माझी आई बी म्हणते, म्हशी धुऊन येतो.
कोच हसला नाही. म्हणाला,
इथं पाठ लागली की सुरू होतं.

अंग ऐकेना.
पाठ टेकली की कानात आवाज यायचा,
सगळं मैदान उठून घरी निघाल्यासारखा.
पहिली लढत दिल्लीत. तिनं उचलून आपटलं,
मी पाठ वाचवायला झटक्यात पोटावर वळलो
आणि मागनं तिचा हात गळ्याखाली आला.
पाठ वाचली.
शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर विचारत होते, आज वार कुठला?

वजनाच्या आदल्या रात्री लॉजवर,
बादलीत उकळतं पाणी, अंगावर तीन जॅकिटं,
दोन दिवस मीठ नाही, थुंकीसुद्धा मोजून.
आईचा फोन. मागं पांढरा रस्सा रटरटतोय.
जेवलीस?
जेवलो.

सात जिंकल्या, पाच हरल्या.
एक दाढ, एक करंगळी जी आता वेगळ्याच दिशेला बघते.
चौकात फ्लेक्स लागला, करवीरची वाघीण,
वृषालीचं वैशाली करून.
वर पांढऱ्या शर्टातले नऊ चेहरे,
नऊही माझ्यापेक्षा मोठे.

हैदराबादची सांगतो.
मी खाली होतो. दोन्ही खांदे पुरते टेकलेले,
तिचा घाम माझ्या डोळ्यात,
आणि पहिल्यांदा कानात काहीच वाजलं नाही.
कंबर सरकवली. पाय तिच्या मानेवरनं टाकला.
तिचा कोपर माझ्या मांड्यांत सरळ होत गेला,
ओल्या फांदीसारखा.
ज्या मांडीवर मी शड्डू ठोकत आलो
त्याच मांडीवर तिनं थापा मारल्या. तीन.
रेफरी तिसरीला धावला.
मला पहिलीच ऐकू आली होती.
सोडलं तिसरीला.
दीड महिन्यानं तिचा मेसेज: प्लास्टर काढलं, ताई.
काय लिहू कळेना. अंगठा पाठवला.

तालमीत ती लढत वस्तादांनी मोबाईलवर तीनदा बघितली म्हणे.
म्हणाले, पाठ लागली होती की.

आता ते खाटेवरच असतात.
डावी बाजू गेली, जीभ जड,
पाठीला रुपयाएवढी जखम झालीय.
सून दिवसातनं चारदा कूस बदलते; संध्याकाळची पाळी माझी.
काल म्हटलं, वस्ताद, मी ओढत नाही, तुम्हीच वळा.
उजवा पाय उभा करा. टाच रोवा.
आधी कंबर. खांदा मागनं येतो.
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
की मी परत सात वर्षांची, वरच्या खिडकीतनं चोरून कुस्ती बघणारी.
मग टाच हलली.
चादर गोळा झाली. खाट करकरली.
अर्धेच वळले, तिथंच दमले,
पण पाठीखाली एक तळहातभर वारं गेलं.

हां, ते म्हणाले. की नुसता श्वास होता.

जखमेवर पावडर मारली, उशी लावली,
दारात चप्पल घालता घालता म्हटलं,
येतो.